हिटलरने बेकारी मिटवली म्हणे!

कामगार न्यायालयाच्या बार रूममध्ये दुपारच्या सुट्टीत चहा घेत बसलो होतो. माझ्या हाताखाली दोन वर्षे काम शिकलेला एक तरुण वकील शेजारी येऊन बसला. मुलगा हुशार, आपल्याच वस्तीतला, आजोबा गिरणी कामगार. कुठल्याशा संपाचा विषय निघाला आणि तो सहज म्हणाला, "सर, आपल्याकडे हिटलरसारखा एखादा माणूस पाहिजे. बाकी काही असो, त्याने बेकारी मिटवली, युनियनबाजी बंद केली आणि देश उभा केला."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले असे नाही. हिटलरच्या आत्मकथनाची मराठी भाषांतरे फुटपाथवर आणि रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर वर्षानुवर्षे विकली जात आहेत. दुसऱ्या कोणी म्हटले असते तर मी चहा संपवून उठलो असतो. पण ज्याच्या आजोबांची भरपगारी रजा आणि ग्रॅच्युइटी कामगारांनी लढून मिळवली, त्याच्या तोंडून हे ऐकले आणि राहवले नाही. तेवढ्यात आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला म्हणून बोलणे अर्धे राहिले. उरलेले येथे लिहितो.

जर्मन कामगारांची कथा हिटलरपासून सुरू होत नाही, ती किमान बिस्मार्कपासून सुरू करावी लागते. १८७८ साली बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्ध कायदा करून त्यांच्या सभा, वृत्तपत्रे आणि संघटना बंद केल्या. त्यानंतर याच माणसाने १८८३ साली आजारपणाचा विमा, १८८४ साली अपघात विमा आणि १८८९ साली म्हातारपणाचे पेन्शन आणले. एका हाताने गळा दाबायचा आणि दुसऱ्या हाताने पाठ थोपटायची, असा हा डाव होता. पेन्शनचे वय ७० ठेवले होते. त्या काळचा खाणकामगार सत्तरीपर्यंत जगणार किती? तरीही जगात इतर कोठेही सरकारने तेव्हा एवढे केलेले नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

पण डाव उलटला. संघटनेवर बंदी असतानाही समाजवाद्यांची मते १८७८च्या सव्वाचार लाखांच्या घरातून १८९० साली १४ लाखांवर गेली आणि त्याच वर्षी तो कायदाही संपला. दुसरे असे की, आजारपणाच्या विम्याची दोन तृतीयांश वर्गणी कामगार भरत होता, म्हणून विमा मंडळांवर दोन तृतीयांश जागाही त्याच्या प्रतिनिधींना मिळाल्या. वर्षानुवर्षे हिशेब पाहणे, डॉक्टरांशी करार करणे, मंडळाची निवडणूक लढवणे हे सारे कामगार तेथेच शिकला. वरून दान म्हणून आलेल्या योजनेत त्याने आपली खुर्ची मिळवली. ही खुर्ची लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणे तिच्यासाठीच आहेत.

या कायद्यांतून कोण बाहेर राहिले तेही पाहिले पाहिजे. प्रशियात घरगडी, मोलकरणी आणि जमीनदाराकडचे शेतगडी यांना १८१०चे नोकर-नियम लागू होते. काम सोडून पळालेल्या गड्याला मालक पोलिसांकरवी परत आणू शकत होता. १८५४ पासून या लोकांनी मिळून काम बंद ठेवणे हा गुन्हा होता. कारखान्यातला कामगार विसाव्या शतकात आला तेव्हा शेतगडी अठराव्या शतकातच उभा होता. हे नियम रद्द झाले ते १२ नोव्हेंबर १९१८ रोजी. राजा पळून गेल्यावर तीन दिवसांत नव्या क्रांतिकारी सरकारने एक छोटे जाहीरनामापत्र काढले. त्यात नोकर-नियम संपले, स्त्रियांना मताधिकार आला आणि १ जानेवारी १९१९ पासून आठ तासांचा दिवस लागू करण्याचे वचनही आले.

वकील म्हणून मला या काळाचे विशेष आकर्षण आहे. फ्रँकफर्टचे एक वकील होते, हुगो झिंत्सहायमर. ज्यू समाजातले, समाजवादी पक्षाचे. त्यांना जर्मन कामगार कायद्याचे जनक मानतात. वायमारच्या घटनासभेत ते निवडून गेले. १९१९च्या घटनेतील कलम १६५, म्हणजे उद्योगाच्या कारभारात कामगारांना मालकांच्या बरोबरीने सहभाग देणारे कलम, मुख्यतः त्यांच्या हातचे. १९२० साली कारखाना समित्यांचा कायदा झाला. १९२६ साली स्वतंत्र कामगार न्यायालयांचा कायदा झाला आणि १९२७ साली बेकारी विमा आला. आज आपण कामगार कायद्याचे जे प्रकार पुस्तकातून शिकतो त्यांतले बरेचसे त्या दहा वर्षांत जर्मनीत कागदावर उतरले होते.

मग ते कोसळले कसे? एक कारण पैशाचे. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. कामगार संघटनांचे निधी, संपफंड, म्हातारपणाची शिल्लक, सगळे रद्दीच्या भावाने गेले. ज्याच्यावर कर्ज होते आणि ज्याच्याकडे कारखाना होता तो मात्र तरला. बाबासाहेबांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते आणि चलनावरचा त्यांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ सालीच लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनाची किंमत घसरल्याने व्यापाऱ्याला होणारा फायदा हा देशाबाहेरून येत नाही, तो देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढलेला असतो, हा मुद्दा त्यांनी पुढे चलन आयोगापुढे मांडला. जर्मनीचे १९२३ साल हे त्याचे सर्वात भीषण उदाहरण म्हणावे लागेल.

दुसरे कारण कमी सांगितले जाते. ते न्यायालयाचे आहे. कील शहराच्या ट्राम कंपनीचा खटला पाहा. कंपनीच्या वीज केंद्रातील कामगारांनी संप केला, वीज बंद, ट्राम बंद. ट्रामवरचे कर्मचारी संपात नव्हते, कामावर हजर होते. त्यांनी पगार मागितला. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. कारण काय, तर कामगार आणि मालक मिळून एक 'कार्यसमुदाय' असतो, एका कामगाराच्या कृतीचा भार दुसऱ्यानेही सोसला पाहिजे. वाचायला किती गोड! पण समुदायात नफा वाटून घेण्याची वेळ आली की मालक एकटा आणि तोटा वाटून घेण्याची वेळ आली की सगळे एक कुटुंब. झिंत्सहायमर यांचे शिष्य ओटो कान-फ्रॉइंड हे बर्लिनमध्ये कामगार न्यायाधीश होते. त्यांनी १९३१ साली लिहून ठेवले की, कामगार न्यायालयाचे निकाल ज्या सामाजिक आदर्शावर उभे आहेत तो फॅसिस्टांच्या आदर्शासारखा दिसतो. तेव्हा त्यांच्याच पक्षातल्या आणि संघटनांतल्या लोकांना ते आवडले नाही.

तिसरे कारण आपल्याच लोकांचे. समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांना शत्रू मानत राहिले. कम्युनिस्टांच्या लेखी समाजवादी हे 'सामाजिक फॅसिस्ट' होते. १९२० साली लष्करातल्या काही सेनापतींनी सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सुमारे सव्वा कोटी कामगारांच्या सार्वत्रिक संपाने तो चार-पाच दिवसांत हाणून पाडला होता. १९३३ साली तसा संप झाला नाही. बेकारांची संख्या ६० लाख असताना संप कोण करणार, हे खरे आहे. पण चर्चासुद्धा एका टेबलावर झाली नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेकारांनी हिटलरला निवडून दिले असे म्हणतात. बेकार कामगाराचे मत मोठ्या प्रमाणावर कम्युनिस्टांकडे गेले. नाझींचा पाया छोटे दुकानदार, मध्यमवर्ग आणि ग्रामीण प्रॉटेस्टंट भागातला शेतकरी हा होता. आणि पैसा? २० फेब्रुवारी १९३३ रोजी बर्लिनमध्ये दोन डझनभर बड्या उद्योगपतींची बैठक झाली. हिटलरचे भाषण झाले आणि निवडणूक निधीसाठी ३० लाख मार्कांचे आश्वासन मिळाले.

आता त्या दोन दिवसांकडे येतो.

१ मे हा कामगार दिन सार्वजनिक सुट्टीचा करावा, ही जर्मन कामगारांची जुनी मागणी होती. ती देशभर कायमस्वरूपी मान्य केली हिटलरने. १ मे १९३३ हा 'राष्ट्रीय श्रमाचा दिवस' म्हणून भरपगारी सुट्टीचा जाहीर झाला. बर्लिनच्या टेम्पेलहोफ मैदानावर लाखोंची सभा झाली. सर्वात मोठ्या कामगार महासंघाच्या नेत्यांनी आपल्या सभासदांना मिरवणुकीत सामील व्हा असे सांगितले. सरकारशी जुळवून घेतले तर संघटना तरी वाचेल, असा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी, २ मेला सकाळी, नाझी स्वयंसेवकांच्या टोळ्या देशभरातल्या युनियनच्या कचेऱ्यांत शिरल्या. कचेऱ्या, छापखाने, बँक खाती ताब्यात घेतली. महासंघाचे अध्यक्ष थिओडोर लायपार्ट यांना अटक झाली. ड्युइसबुर्ग शहरात युनियनच्या कचेरीतच चार कार्यकर्त्यांना ठार मारले. चाळीस लाखांच्या आसपास सभासद असलेली संघटना एका दिवसात संपली.

आपल्याकडेही काही कार्यकर्ते सांगतात की, सत्तेच्या जवळ राहिले की कामे होतात. ते या एका रात्रीच्या अंतराकडे पाहत नाहीत.

त्यानंतर कायदा आला, कारण हुकूमशाहीलाही कायदा लागतोच. २० जानेवारी १९३४चा 'राष्ट्रीय श्रमाच्या व्यवस्थेचा' कायदा मी वकिलांना मुद्दाम वाचायला सांगतो. त्याचे पहिले कलम म्हणते की, कारखान्यात मालक हा 'नेता' आणि कामगार हे त्याचे 'अनुयायी'. दुसरे कलम म्हणते की, कारखान्याच्या सर्व बाबींत निर्णय नेता घेईल. 'कार्यसमुदाय' हा शब्द न्यायालयाने १९२३ साली पेरला होता, त्याचे हे पीक. निवडून दिलेली कारखाना समिती गेली. तिच्या जागी 'विश्वास समिती' आली, जिची यादी मालकच नाझींच्या प्रतिनिधीबरोबर बसून तयार करणार आणि कामगारांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचे. तरीही १९३४ आणि १९३५ साली कामगारांनी एवढा नकार नोंदवला की पुढे निवडणुकाच घेतल्या नाहीत. पगार ठरवायला सरकारी 'श्रम-विश्वस्त' नेमले. १९३५ पासून प्रत्येक कामगाराचे 'कामाचे पुस्तक' तयार झाले. ते मालकाकडे राहायचे, म्हणजे पुस्तक परत मिळाल्याशिवाय दुसरीकडे नोकरी नाही. आजारपणाच्या विमा मंडळांवरची ती खुर्चीही काढून घेतली. प्रशियाच्या शेतगड्याचा कायदा १९१८ साली मेला होता, तो आता कारखान्यातल्या कामगाराला लागू झाला.

आणि बेकारी? होय, ६० लाखांवरून १९३७ साली ती दहा लाखांच्या खाली आली. आकडा खरा आहे. तो कसा आला ते पाहू. मंदीचा तळ १९३२ सालीच गाठला गेला होता आणि रोजगाराच्या काही योजना आधीच्याच सरकारांनी आखल्या होत्या. ज्या महामार्गांचे एवढे कौतुक होते, त्यातला कोलोन ते बॉन हा रस्ता हिटलरपूर्वी, ऑगस्ट १९३२ मध्ये, कोलोनच्या महापौरांनी खुला केला होता. ते महापौर म्हणजे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झालेले कोनराड आडेनाउअर. महामार्गांच्या प्रत्यक्ष कामावर ऐन भरातही सव्वा लाखाच्या आसपासच माणसे होती. लग्न झाल्यावर नोकरी सोडणाऱ्या स्त्रीच्या संसाराला सरकारी कर्ज दिले, म्हणजे ती मोजणीतून गेली. ज्यूंना एप्रिल १९३३च्या कायद्याने सरकारी नोकरीतून काढले, त्यांच्या जागा दुसऱ्यांना मिळाल्या. १९३५ साली सक्तीची लष्करभरती आणि सक्तीची श्रमसेवा आली, तरुण पोरे गणवेशात गेली. उरलेल्यांना काम मिळाले ते मुख्यतः बंदुका, रणगाडे, विमाने यांच्या कारखान्यांत. पैसा कोठून? नावापुरत्या उभ्या केलेल्या एका कंपनीच्या हुंड्यांवर सरकारने १२ अब्ज मार्क उचलले. ही हुंडी फेडायची तर शेजारचा देश लुटावा लागतो. तो लुटलाही.

जर्मन कामगाराला स्वस्त मोटारगाडी देण्याची एक योजना होती. आठवड्याला ५ मार्कांची तिकिटे घ्यायची, वहीत चिकटवायची, वही भरली की गाडी. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. गाडी एकालाही मिळाली नाही, कारखान्यातून लष्करी वाहने बाहेर पडली. युद्धानंतर या लोकांनी खटले केले, ते रेंगाळत १९६१ साली तडजोडीवर मिटले. चिटफंडात बुडालेले पैसे मागायला माझ्याकडे पक्षकार येतात, तेव्हा मला ही तिकिटांची वही आठवते.

युद्धात जर्मन पुरुष आघाडीवर गेले आणि कारखाने चालवायला माणसे पकडून आणली. १९४४च्या उन्हाळ्यात जर्मनीत ७० लाखांहून अधिक परदेशी माणसे कामाला जुंपलेली होती. त्यांच्यातही पायऱ्या होत्या. पश्चिम युरोपातला वर, पोलंडचा खाली, सोव्हिएत प्रदेशातला त्याहून खाली, आणि ज्यू कैदी सर्वांच्या तळाशी, ज्याला काम करवून मारायचेच होते. पोलिश मजुराने छातीवर 'पी' अक्षर शिवायचे, पूर्वेकडच्याने 'ओस्ट'. जेवण, मजुरी, शिक्षा अक्षरावर ठरायची. श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. या लोकांसाठी जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून १० अब्ज मार्कांचा निधी उभा केला तो २००० साली, पंचावन्न वर्षांनी. बहुतेकजण तोपर्यंत मरून गेले होते.

आमच्या व्यवसायातल्या माणसांचे काय झाले? कान-फ्रॉइंड यांच्यापुढे १९३३ साली बर्लिन रेडिओच्या कामगारांना कम्युनिस्ट ठरवून काढल्याचे प्रकरण आले. त्यांनी कामगारांच्या बाजूने निकाल दिला, नोकरी गमावली आणि लंडन गाठले. त्यांचे सहाध्यायी एर्न्स्ट फ्रेंकेल १९३८ पर्यंत बर्लिनमध्ये वकिली करत राहिले. त्यांनी पाहिले की उसनवारीचे, भाडेकराराचे दावे नेहमीप्रमाणे कायद्याने चालतात, आणि राजकीय म्हटले गेलेले प्रकरण आले की कायदा दाराबाहेर थांबतो. यावर त्यांनी चोरून लिहिलेले 'दुहेरी राज्य' हे पुस्तक १९४१ साली अमेरिकेत निघाले. कोर्ट रोज भरते म्हणून कायद्याचे राज्य आहे असे समजणाऱ्या प्रत्येक वकिलाने ते वाचावे. झिंत्सहायमर यांनी हॉलंडमध्ये आश्रय घेतला, पुढे नाझी तेथेही पोचले, ते लपून राहिले आणि सुटका झाल्यावर काही महिन्यांतच, सप्टेंबर १९४५ मध्ये वारले. कामगार नेते विल्हेल्म लॉयश्नर यांना सप्टेंबर १९४४ मध्ये फाशी झाली. सोबतच्या कैद्यांना त्यांनी शेवटचा निरोप दिला तो एकजुटीचा.

तो निरोप पाळला गेला. १९४९ साली म्युनिकमध्ये महासंघ पुन्हा उभा राहिला तेव्हा समाजवादी, ख्रिस्ती, कम्युनिस्ट अशा वेगळ्या चुली मांडल्या नाहीत. एका उद्योगात एक संघटना, हे सूत्र घेतले. त्याच वर्षीच्या राज्यघटनेत कलम ९ मध्ये संघटनेचा हक्क असा लिहिला की तो सरकारवरच नव्हे तर थेट मालकावरही बंधनकारक आहे. युनियन सोडण्याच्या अटीवर नोकरी दिली तर तो करारच रद्दबातल. १९५१ साली खाण आणि पोलाद कामगारांनी संपाची तयारी केली, नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान संपाच्या बाजूने झाले, आणि कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा संसदेला करावा लागला. खुर्ची परत आली. १९७६ साली दोन हजारांवर कामगार असलेल्या सर्व कंपन्यांना तो न्याय थोडा पातळ करून लागू झाला, कारण मते समसमान पडली तर मालकांच्या बाजूच्या अध्यक्षाला दुसरे मत आहे. तरीही मालक घटना न्यायालयात गेले आणि १९७९ साली हरले.

पूर्व जर्मनीचे नाव काढले की आपले डावे मित्र गप्प होतात. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या त्या देशात १९५३ साली कामाचे कोष्टक दहा टक्क्यांनी वाढवले, बर्लिनचे बांधकाम मजूर रस्त्यावर आले आणि १७ जूनला त्यांच्यावर सोव्हिएत रणगाडे घातले. किमान ५५ माणसे मेली. १९४९च्या त्यांच्या घटनेत संपाचा हक्क होता, १९६८च्या घटनेत तो सापडत नाही. एकीकरणानंतर १९९० ते १९९४ मध्ये एका सरकारी संस्थेने पूर्वेकडचे साडेआठ हजार उद्योग विकले किंवा बंद केले आणि लाखो कामगार घरी बसले. आपल्या देशाच्या विक्रीबद्दल त्यांना कोणी विचारले नाही.

पश्चिमही धुतल्या तांदळासारखी नाही. इटली, ग्रीस, तुर्कस्तान येथून 'पाहुणे कामगार' बोलावले. १९७३ साली कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुट्टीवरून उशिरा आलेल्या तीनशे तुर्की कामगारांना काढले, तेव्हा तुर्की कामगारांनी संप केला आणि युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. २००५ साली तर समाजवादी पक्षाच्याच सरकारने बेकारांचा भत्ता कापून महिना ३४५ युरोवर आणला. देशभर लागू होणारे किमान वेतन आले २०१५ साली. सर्वात वर असलेला कामगार मंडळावर बसला आणि तळातला कंत्राटदाराच्या हाती राहिला.

जून २०२० मध्ये कोरोनाच्या काळात एका मोठ्या मांस कारखान्यात दीड हजारांवर कामगारांना लागण झाली, तेव्हा सगळ्या देशाला दिसले की मांस कापणारे रुमानिया, बल्गेरियाचे मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीतच. ते कंत्राटदाराचे, कंत्राटदार उपकंत्राटदाराचा, दाटीवाटीच्या खोल्याही त्यांच्याच. मग संसदेने कायदा केला. १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या कत्तलखान्यांत कापणीचे काम कंत्राटावर देता येत नाही, कारखान्याचा मालक हाच कामगाराचा मालक.

हे मी त्या तरुण वकिलाला नंतर निवांत सांगितले. तो म्हणाला, "सर, मोटारीच्या तिकिटांचे माहीत नव्हते." सध्या माझ्याकडे बावीस कंत्राटी सफाई कामगारांचे प्रकरण आहे. अकरा वर्षे तेच रस्ते झाडतात, या काळात चार कंत्राटदार बदलले, आणि दर वेळी समोरचा पक्ष म्हणतो की ही माणसे आमची नाहीत. त्यांच्यातली एक बाई पहिल्याच भेटीत मला विचारत होती, "वकीलसाहेब, आमचा मालक नक्की कोण?" या आठवड्यात उलटतपासणी आहे. फाईल वाचायला तो घरी घेऊन गेला आहे.